मुकादम नसलेलं यीस्ट

"जित्तं हाय का बघ आदी."

सकाळी लॅबमध्ये पाऊल टाकलं की सरांचं हे पहिलं वाक्य. गुड मॉर्निंग वगैरे भानगड नाही. फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या मशीनवरून एखादा फ्लास्क उचलायचे, कापसाचा बोळा काढायचे, तोंड नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून असा वास घ्यायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आमटीला फोडणी नीट बसली का ते बघतोय. यीस्ट चांगलं वाढलं असलं की ताज्या पावासारखा वास येतो. तो आला की सर बोळा परत लावायचे, "हाय, जित्तं हाय," म्हणायचे आणि मगच बाहेरच्या चपला काढून लॅबच्या सपाता घालायचे. बाहेरगावहून आलेल्या एका शास्त्रज्ञानं एकदा विचारलं, हे तर यंत्रावर मोजता येतं, वास कशाला घेता? सर म्हणाले, "मोजतो की. पन आदी इचारतो."

असा माणूस तुमच्याही बघण्यात असेल. जगभर हिंडून आलेला, पण बोलायला लागला की काल रानातून आल्यासारखा वाटणारा. मी नाव सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ओळखलं की माझ्यावर चिडतील. चिडू देत. मी पुष्कळ वर्षं गप्प बसले, त्याचं कुणी बक्षीस दिलेलं नाही.

सर शिरोळकडच्या एका गावातले. शिकायला परदेशात गेले, तिथं चांगली जागा मिळाली, आणि ती सोडून कोल्हापुरात आले. एका ट्रस्टनं चालवलेलं आमचं छोटं संशोधन केंद्र होतं, तिथं दोन खोल्यांत त्यांनी लॅब उभी केली. लोक तोंडावर म्हणायचे, "सर, हितं हुतंय व्हय असलं काम?" सरांचं उत्तर ठरलेलं, "यीस्टला कुठं म्हाईत हाय ते कुठल्या गावात हाय?" इंग्रजी बोलायला लागले की असं बोलत की बीबीसीवाल्यानं ऐकत राहावं. पण ते पाहुण्यांसाठी. आमच्याशी मात्र "काय करायलाइस?" आणि "हिकडं ये" हेच. घर मंगळवार पेठेत. रोज स्कूटरवरून यायचे आणि डबा आमच्यात बसून खायचे. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, दोन माणसांना पुरेल एवढा डबा द्यायच्या, कारण अर्धा आम्ही खाणार हे त्यांना माहीत होतं.

आता आमचं काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे, अवघड ते नंतर आहे.

पेशीत डीएनए असतो आणि त्याच्यावर हजारो जनुकं असतात. सगळी एकाच वेळी चालू नसतात. काही प्रथिनं डीएनएवर ठरावीक ठिकाणी जाऊन बसतात, आणि ती बसली की तिथलं जनुक चालू होतं किंवा बंद होतं. सर त्यांना मुकादम म्हणायचे. ऊसतोडीची टोळी कितीही मोठी असो, मुकादम ज्या फडाच्या बांधावर जाऊन बसला तिथं कोयते चालायला लागतात. आमचं यीस्ट सरांनी गुऱ्हाळातल्या काकवीतून काढलं होतं, आणि त्यातला एक मुकादम साखर पचवणाऱ्या एका जनुकाच्या दाराशी बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणणं म्हणजे सरांच्या सगळ्या जन्माचं काम होतं म्हणा ना. परदेश सोडून आले ते हे दाखवायलाच.

"मेलेल्या पेशीत मुकादम हुडकून काय करायचं?" ते म्हणायचे. "मेल्यावर कोन कुठंबी पडतंय. जित्ती असताना कुठं बसलाता, ते सांग."

त्यासाठी जिवंत, वाढत्या पेशींत फॉर्मॅलिन टाकायचं. हेडमास्तर अचानक वर्गात आले की पोरं जशी आहेत तशी थिजतात, तसं होतं. जो मुकादम जिथं बसलाय तिथंच डीएनएला चिकटून राहतो. मग पेशी फोडायच्या, डीएनएचे बारीक तुकडे करायचे आणि त्यात अँटिबॉडी सोडायची. अँटिबॉडी म्हणजे आपल्याला हव्या त्या मुकादमालाच धरून आणणारा माणूस. तो मुकादमाला धरतो, मुकादमाच्या बुडाखालचा डीएनएचा तुकडाही बरोबर येतो. मग तो तुकडा कुठला आणि किती आला ते मोजायचं. झालं.

ही अँटिबॉडी सरांनी स्वतः तयार केली होती. बाजारात नाही मिळत, कारण आमचं यीस्ट गुऱ्हाळातलं, त्याची चौकशी जगात कोण करतंय? सरांनी तो मुकादम सशाला टोचला आणि सशाच्या रक्तातून अँटिबॉडी घेतली. मी यायच्या आधीची गोष्ट ही. तो ससा म्हातारा होऊन गेला, पण सर त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलायचे. लुसलुशीत घास घातला तर बघायचा नाही म्हणे, आणि गाजर दिसलं की पिंजऱ्यात नाचायचा. त्याची अँटिबॉडी लहान लहान नळ्यांत डीप फ्रीझरमध्ये होती. एखादी नळी द्यायची झाली तर सर तीर्थ दिल्यासारखी द्यायचे. "सांडू नगंस. सशाचं हाय." आमच्या आधीच्या दोघांची पीएच.डी. त्या सशावर झाली होती.

आणि प्रत्येक वेळी एक नळी वेगळी लावायची. तिच्यात आमच्या मुकादमाशी काही संबंध नसलेली, भलतीच अँटिबॉडी घालायची. सर तिला 'पावणं' म्हणायचे. पावण्यानंही तोच तुकडा आणला तर तुमचं मोजमाप फुकट. निकाल घेऊन गेलं की सर आपला आकडा बघायचेच नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, "पावणं काय म्हंतंय?" पावणं रिकाम्या हातानं आलं असलं की मग चहा. एकदा मी घाईत पावणं लावलंच नाही, तर सर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी निघताना म्हणाले, "तू कराय लागलीस ते काम न्हाय, कौतिक हाय सोताचं." मी एसटीत जयसिंगपूरपर्यंत रडत गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी वेगळ्या डब्यात खीर दिली होती. सरांनी घरी सांगितल्याशिवाय कशी येईल?

मी जयसिंगपूरची. पप्पांचं पशुखाद्याचं दुकान आहे. मुलीनं पाच-सहा वर्षं यीस्ट हलवत बसायचं हे आमच्या घरात कुणाला पटणारं नव्हतं. मामा तर म्हणाले, हिला बेकरी काढायची आहे का? तेव्हा सर स्वतः आमच्या दुकानात आले. पेंडीच्या पोत्यावर बसले, पप्पांशी म्हशींच्या दुधाबद्दल तासभर बोलले, आणि उठताना म्हणाले, "पोरगी माझ्याकडं द्या. माझ्या लेकीसारखी सांभाळतो." सरांना मूलबाळ नव्हतं. पप्पा त्यांच्या पाया पडले. आमचे पप्पा देवळातसुद्धा लवकर वाकत नाहीत.

आणि खोटं कशाला बोलू, सांभाळलंच त्यांनी. मला टायफॉइड झाला तेव्हा सर माझे फ्लास्क स्वतः बघत होते. बेंगळुरूला भाषण करायची वेळ आली आणि माझी बोबडी वळली, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मी बोलेपर्यंत मान हलवत राहिले, शाळेतल्या नाटकात एखाद्याची आई हलवते तशी. त्या माणसाबद्दल मी आज लिहितेय. म्हणून तर लिहायला एवढा वेळ लागला.

माझं काम चांगलं चाललं होतं. काकवीची साखर दिली की मुकादम त्या जनुकाच्या दाराशी येऊन बसतो, साखर काढली की उठून जातो, हे मी जिवंत पेशींत मोजून दाखवलं. पावणं दर वेळी रिकामं. सर इतके खूश की त्यांनी लॅबमध्ये सगळ्यांना मिसळ खायला घातली. पेपर लिहिला, नामांकित जर्नलकडे पाठवला. पहिलं नाव माझं.

जर्नलचे परीक्षक असतात, ते पेपर वाचून शंका काढतात. त्यातल्या एकानं बरोबर वर्मावर बोट ठेवलं. तो म्हणाला, सगळं छान आहे, पण तुमची अँटिबॉडी नक्की याच मुकादमाला धरते कशावरून? मुकादमाचं जनुकच काढून टाकलेलं यीस्ट तयार करा. त्यात मुकादमच नाही. तिथं अँटिबॉडी रिकामी परत आली पाहिजे. ते दाखवा, मग छापतो.

शंका वाजवी होती. सर म्हणाले, "कर. त्यात काय?" मीही म्हटलं, त्यात काय. यीस्टमधून एखादं जनुक काढणं हे आमच्याकडं चटणी वाटण्याएवढं सोपं नसलं तरी अवघडही नाही. मी ते यीस्ट तयार केलं. मुकादम नसलेलं यीस्ट मजेत वाढत होतं, वास तर इतका छान की काय सांगू. मग फॉर्मॅलिन, मग फोडणं, मग सशाची अँटिबॉडी.

तुकडा आला. भरभरून आला. मुकादम त्या पेशीत नव्हताच, आणि त्याच्या नावानं अँटिबॉडी तोच डीएनएचा तुकडा घेऊन आली. म्हणजे आमचा ससा इतकी वर्षं भलत्यालाच धरत होता. मुकादमासारखं दिसणारं दुसरं कुठलं तरी प्रथिन तिथं बसत होतं, आणि आम्ही त्याला मुकादम म्हणून मिरवत होतो.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग सरांकडे गेले.

त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. आधीचे दोघं पीएच.डी. होऊन बाहेर पडले होते, आणि आमचे शिपाई पोस्टात गेले होते. मी आकडे सरांच्या समोर ठेवले आणि ते यीस्ट वाढत असलेला फ्लास्कही ठेवला. सरांनी आकडे बघितले. फ्लास्क उचलला, वास घेतला, खाली ठेवला. बोळा परत लावला. मग म्हणाले, "आत्ता कुनाला सांगू नगंस. मी पेपर मागं घेतो. दुसऱ्या सशाची अँटिबॉडी करू, मग बघू."

मला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला वाटलं होतं की असा गुरू कुणाला मिळत नसेल. एवढ्या वर्षांचं काम, आणि माणूस एका शब्दानं मागं घ्यायला तयार.

काही महिन्यांनी बेंगळुरूच्या एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, अभिनंदन. पेपर बघितला." मी म्हटलं, कुठला पेपर? आमचाच. छापून आला होता. मी धावत सरांच्या खोलीत गेले. सर हसले. म्हणाले, "तुला सरप्राइज द्यायचं हुतं. अगं, नवी अँटिबॉडी पुण्याच्या मित्राकडनं करून घेतली, त्येच्याकडंच सगळं तपासलं. बरोबर आलं. तुझ्या यीस्टातच काय तरी घोळ झाल्ता." आणि टेबलाच्या खणातून पेढ्यांचा पुडा काढला.

मला पटलं. ज्या माणसानं एका न लावलेल्या पावण्यासाठी माझ्याशी दिवसभर अबोला धरला, तो माणूस नीट बघितल्याशिवाय छापेल, असं माझ्या मनातही आलं नाही. पप्पांनी तो पेपर छापून घेऊन दुकानात काचेखाली लावला. गिऱ्हाइकं पेंडीचा भाव विचारायची आणि हे त्यांना पेपर दाखवायचे.

पुढं वर्षभरानं परदेशातल्या एका लॅबनं आमचं यीस्ट आणि सशाची अँटिबॉडी मागवली. मागितलं की द्यावंच लागतं, तसा नियमच आहे. त्यांनी त्यातलं मुकादमाचं जनुक काढलं, आणि मी जे बघितलं होतं तेच त्यांना दिसलं. त्यांनी जर्नलला लिहिलं, जर्नलनं केंद्राला लिहिलं, आणि केंद्रानं चौकशी समिती नेमली. बाहेरचे तीन प्राध्यापक. मला आणि सरांना एकाच दिवशी बोलावलं, एकाच खोलीत.

मी निर्धास्त होते. वही माझ्याजवळ, तारखा, आकडे सगळं लिहिलेलं. आणि सर शेजारच्या खुर्चीत. मनात म्हटलं, घोळ झालाय खरा, पण सर आहेत.

समितीच्या अध्यक्ष बाई होत्या, पुण्याच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी एक कागद वाचला. परीक्षकाच्या शंकेला सरांनी जर्नलकडे पाठवलेलं उत्तर होतं ते. असली उत्तरं आम्हा विद्यार्थ्यांना कुणी दाखवत नाही. त्यात लिहिलं होतं की हा मुकादम पेशीला जगायला आवश्यक आहे, तो काढला की यीस्ट जगत नाही, त्यामुळं तुम्ही मागता ती तपासणी करता येणं शक्य नाही.

जगत नाही. माझ्या हातातल्या फ्लास्कात फेस येईपर्यंत वाढलेलं यीस्ट, आणि सरांनी त्याला कागदावर मारून टाकलं होतं. पुण्याचा मित्र नाही, नवी अँटिबॉडी नाही, काही नाही.

बाईंनी विचारलं, हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? सर स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, माझ्या विद्यार्थिनीनं मला तसं सांगितलं. ती म्हणाली, ते यीस्ट वाढत नाही. मी विश्वास ठेवला.

मी वही पुढं केली. बघा, यात लिहिलंय, वाढलं होतं, तपासलं होतं. बाईंनी वही वाचली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं." मी म्हटलं, "हो, आणि मी सरांना दाखवलं होतं." आता बघा, कसं झालं ते. वही माझ्या अक्षरातली. मी काय केलं ते वही सांगत होती. सरांनी काय बघितलं ते वही कसं सांगणार? उलट मी लिहून ठेवून लपवलं, असं ते उभं राहिलं.

बाई सरांकडं वळल्या. "सर, यांनी तुम्हाला हे दाखवलं होतं का?"

सर टेबलाकडं बघत होते. सकाळपासून इंग्रजीत बोलणारा माणूस, पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा तोंडातून इंग्रजी आलं नाही.

"न्हाय," सर म्हणाले.

मग बाईंनी विचारलं, ते यीस्ट कुठं आहे? डीप फ्रीझरमध्ये यीस्ट वर्षानुवर्षं जिवंत राहतं, मी स्वतः नळ्या भरून ठेवल्या होत्या. सगळे मिळून फ्रीझरपाशी गेलो. मी डबा काढला, झाकण उघडलं. माझ्या नळ्यांची जागा रिकामी होती. त्या डब्याला हात लावणारी मी एकटीच, असं सगळ्यांना माहीत होतं. तिन्ही प्राध्यापक माझ्याकडं बघत होते. सरही बघत होते, दुखावल्यासारखे, एखाद्या बापानं बघावं तसे. तेवढं बघणं तरी नको होतं.

माझी पीएच.डी. तिथंच संपली. पेपर मागं घेतला गेला, त्याखाली एक ओळ आली की पहिल्या लेखिकेनं माहिती दडवली. इंटरनेटवर माझं नाव टाका, अजून तीच ओळ पहिली येते. पप्पांनी काचेखालचा कागद काढला. मला एवढंच विचारलं, "तू दाखवलंतंस न्हवं त्यास्नी?" मी म्हटलं, "व्हय." त्यानंतर आमच्या घरात सरांचं नाव निघालं नाही. सर सन्मानानं रिटायर झाले.

मी शाहूपुरीत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागले. काम वाईट नाही. लोक उपाशीपोटी येतात, वैतागलेले असतात, सुई बघून मोठमोठी माणसं मान फिरवतात. मला ते आवडतं. कुणी मला तुम्ही कोण, काय शिकलात, विचारत नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी सर तिथं आले.

मी ओळखलंच नाही आधी. अर्धे झाले होते. शर्ट अंगावर लोंबत होता. काउंटरवरची मुलगी दुसऱ्याकडं पाठवायला लागली तर म्हणाले, "न्हाय, मी थांबतो. मला ह्या बाईंच्याकडंच द्यायचंय." म्हणजे मी तिथं आहे हे माहीत होतं, आणि माहीत असूनच आले होते. नंबर आला तसे खुर्चीत बसले, बाही वर केली. मी पट्टा बांधला. शीर सापडत नव्हती, दंडात काही उरलंच नव्हतं. सुई आत गेली आणि नळीत रक्त यायला लागलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "तू दाखवलंतंस मला."

मी भरलेली नळी काढून दुसरी लावली.

"मला म्हाईत हाय," मी म्हटलं. "तुम्हाला बी म्हाईत हुतं. मग तिथं का न्हाय म्हणालासा?"

"मी लबाडी केली म्हटल्यावर आदीचं सगळं काम उकरलं असतं. त्या दोघांच्या डिग्र्या गेल्या असत्या. लॅब गेली असती. कोल्हापुरात हुतच न्हाय म्हणणाऱ्यांचं फावलं असतं. तू चुकलीस म्हटल्यावर एकटी तूच. आनि तुझं वय हुतं. लगीन हुईल, संसार हुईल, इसरशील असं वाटलं."

"आणि नळ्या?"

"मीच काढल्या. उकडून टाकल्या." वाफेच्या कुकरात घालून जंतू मारतात, त्याबद्दल बोलत होते. "लई वाईट वाटलं."

यीस्टचं वाईट वाटलं त्यांना. मी सुई काढली, कापूस दाबला, हात दुमडायला सांगितला. मला ओरडायचं होतं. बाहेर दहा माणसं बसली होती, आणि समोर एक आजारी म्हातारा, ज्याच्या डब्यातली भाकरी मी पाच वर्षं खाल्ली. लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर हे किती वाळलेत, काकू बऱ्या आहेत का?

मी फक्त म्हटलं, "आता सांगा सर. माझ्यासाठी नको, पप्पांसाठी तरी. समितीच्या त्या बाईंना दोन ओळी लिहा. तुमचं आता कोण काय वाकडं करणार आहे?"

सर उठले. पिशवी घेतली. "सांगतो की. वेळ बघून सांगतो," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

रिपोर्ट मीच बघितला. चांगला नव्हता. आमच्या कामात आम्हाला कळतं ते डॉक्टरच्या आधी कळतं. त्यानंतर मी रोज वाट बघायला लागले. फोन वाजला की वाटायचं, पुण्याहून असेल. ईमेल उघडायचा, बंद करायचा. मी पप्पांना काही सांगितलं नाही, कारण सर सांगतील आणि मग एकदमच सांगू असं मनात होतं. बघा, तरीसुद्धा मी त्यांच्यावर विश्वास ठेवून बसले होते.

दिवाळीनंतर सर गेले. मी मंगळवार पेठेत घरी गेले तेव्हा काकूंनी मला मिठी मारली. "तुझ्यावर लई जीव हुता गं त्यांचा. शेवटपतोर तुझं नाव घेत हुते." मी विचारलं, "काय म्हणत होते?" काकू म्हणाल्या, "काय न्हाय. नुसतं नाव घ्यायचे."

आठवड्यानं केंद्रात शोकसभा झाली. मी मागच्या रांगेत बसले. मनात एकच होतं, कुणाकडं तरी बोलले असतील. कुणाला तरी दोन ओळी देऊन ठेवल्या असतील. नाही तर वेळ बघून सांगतो, असं कशाला म्हणाले असते? सरांच्या जागेवर आलेले तरुण प्राध्यापक बोलायला उभे राहिले. चांगला मुलगा आहे, मनापासून बोलत होता. म्हणाला, सर आजारी असतानासुद्धा गेल्या महिन्यात नव्या विद्यार्थ्यांशी बोलायला इथं आले होते.

गेल्या महिन्यात. म्हणजे माझ्याकडं रक्त देऊन गेल्यानंतर. मी पुढं सरकून बसले.

"सरांनी त्या दिवशी मुलांना एक आठवण सांगितली," तो म्हणाला. "त्यांची एक हुशार विद्यार्थिनी होती. लेकीसारखी. तिनं एक निकाल त्यांच्यापासून लपवला, आणि सरांचं आयुष्यभराचं काम गेलं. पण सर तिच्याबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. म्हणाले, पोरांनो, मानसाला जीव लावा, मी बी लावला. मी तिला कवाच माफ केलंय. सांगताना सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपण गमावला."

पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. मग सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची असं ठरलं. खुर्च्या सरकल्या, सगळा हॉल उठला. मी बसून राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं, दुःखानं मला उठवत नसेल. त्यांनी मला दंडाला धरून उठवायला बघितलं. मी त्यांचा हात बाजूला केला.